तीन रॅकेट आणि एक हात

रविवार, सकाळचे सात. हजर: मी, मुलगी ईशा आणि दुकानातून एका दिवसासाठी वापरून पाहायला आणलेल्या टेनिसच्या तीन रॅकेट.

गेल्या आठवड्यात मॅच हरल्यावर ईशाने जुनी रॅकेट खांबावर आपटून मोडली आणि मी सगळ्यांदेखत तिच्या मुस्कटात मारली.

आज मी वही घेऊन जाळीपलीकडे उभी राहिले. तिन्ही रॅकेट दिसायला सारख्या. पहिली हलकी, पण चेंडू भरकटतो. दुसरी मनगटाला हिसका देते. तिसरीचं वजन डोक्याकडे, म्हणजे तारांच्या बाजूला. त्या रॅकेटने ईशाने मारलेला पहिलाच चेंडू माझ्या खांद्यावर दगडासारखा आदळला.

"हीच घेऊ या," ईशा म्हणाली. "हिच्यात जोर आहे."

"मुद्दाम मारलास."

"मग तू काय चुकून मारली होतीस?"

खांदा ठणकत होता. रॅकेटचं वजन तिच्यावरच छापलेलं असतं. हाताचं वजन मात्र ज्याला लागतं त्यालाच कळतं, आणि तो सहसा सांगत नाही.

वहीत तिसरीपुढे बरोबरची खूण केली. त्याखाली लिहिलं, 'ईशाची माफी मागणे'. उरलेल्या दोन रॅकेट दुपारीच परत करून आले. माफीच्या ओळीपुढे खूण अजून झालेली नाही.