मुक्ताबाईंचं गोंदण

नवनाथ शूटिंगवाला असा पेटलेला धारूरच्या बाजारानं कधी पाहिला नव्हता. तीस वर्षं लग्नांत कॅमेरा खांद्यावर वागवलेला माणूस. कुठला नवरदेव रुसो, कुठली पंगत लांबो, हा आपला हसतमुख. आज मात्र परमेश्वरच्या व्हिडिओ मिक्सिंगच्या दुकानात टेबलावर मूठ आपटून तो गरजला, "गोंदण कुठं गेलं बे? कपाळावरचं गोंदण कुठं गेलं?"

पडद्यावर मुक्ताबाई गात होत्या. म्हणजे त्यांच्या नावानं कुणीतरी गात होतं. गुळगुळीत गाल, पांढरीशुभ्र दातांची कवळी. खऱ्या मुक्ताबाईंचा पुढचा दात अर्धा तुटलेला होता आणि कपाळावर हिरवं गोंदण होतं. पहाडी आवाजाची बाई! भीमगीत उचललं की मांडवाची कनात थरथरायची. महिन्यापूर्वी त्या गेल्या. उद्या विहारात त्यांच्या स्मरणाचा, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता आणि लेकीचं, अंजलीचं, मागणं एकच होतं: आई गाताना दिसावी.

गातानाचं चित्रण सगळ्या मुलखात एकच. वीस वर्षांपूर्वीचं, सिरसाळ्याच्या लग्नातलं, नवनाथनंच काढलेलं. पण मांडवात पुढारी शिरला की कॅमेरा त्याच्याकडं वळवायचा, ही शूटिंगवाल्यांची रीत. मुक्ताबाईंनी अख्खं कडवं गायलं आणि नवनाथनं अख्खं कडवंभर हारतुरे टिपले. बाई उरल्या कोपऱ्यात, अंगठ्याएवढ्या.

"काका, मशीन हाय ते," परमेश्वर म्हणाला. "बारीक चेहरा मोठा करताना जे दिसत न्हाई ते आपल्या मनानं भरतं. गोंदण त्याला डाग वाटला. पर कसं क्लिअर झालंय बघा की!"

"क्लिअर हाय, पर हाय कोण ही? तुझी मावशी?"

मागं उभी असलेली अंजली तेव्हा बोलली. "मामा, माझ्या लेकीला आजी आठवत न्हाई. तिनं ही बाई आजी म्हणून ध्यानात ठेवायची का?"

नवनाथनं परमेश्वरच्या हातातली सीडी हिसकावली. "मूळ कॅसेट सोडून ह्या सीडीत आवळून बसवलेल्या नकलेवर काम केलंस! आधीच निम्मं चित्र गेलेलं. चल, ऊठ."

घरच्या ट्रंकेतून त्यानं कॅसेट काढली. जुन्या कॅमेऱ्याचं कॅसेट वाचणारं हेड स्पिरिटनं पुसलं आणि एकेक दृश्य दुकानातल्या संगणकावर उतरवलं. हलणाऱ्या हातांच्या कडेला करवतीसारखे दाते पडत होते, ते घालवले. मग चौकट कापायला घेतली. पडदाभर चेहरा केला तर नुसते चौकोन. थोडं मागं आला, डोळे उमटले. आणखी मागं आला आणि कपाळावर हिरवट ठिपके उभे राहिले. तुटका दातही.

पण चौकटीत एक कोपर शिरलं. त्या पुढाऱ्याचं, पांढऱ्या सदऱ्यातलं, हाराच्या टोकासकट.

"वीस वर्षं झाली, तरी हा हटत न्हाई बे!" नवनाथ किंचाळला. "आणखी कापलं तर ह्याच्यासंगं बाईबी जाते."

"काळी पट्टी मारू का त्याच्यावर?" परमेश्वरनं भीत भीत विचारलं.

"मार! चांगली जाड मार!"

"नका," अंजली म्हणाली. "राहू द्या. तुमी तवा कुठं बघत होतात, ते बी दिसू द्या लोकायला."

इतका वेळ नवनाथ परमेश्वरवर, मशीनवर, त्या कोपरावर ओरडत होता. आता ओरडायला दुसरं कुणी उरलं नाही. त्यानं पट्टी न मारता दृश्य जतन केलं.

दुसऱ्या दिवशी बुद्धविहाराच्या सभागृहात मोठा पडदा लागला. वंदना झाली, दिवे मालवले. काळ्या पडद्याच्या मधोमध खिडकीएवढं चित्र उजळलं आणि मुक्ताबाईंनी सूर लावला. कडेला ते कोपर हलत होतं.

मागच्या रांगेतून कुणी ओरडलं, "नवनाथराव, दिसंना झालंय! मोठं करा की!"

"एक बोटभरबी मोठं व्हणार न्हाई!" अंधारातून नवनाथचा आवाज फुटला, संतापानं चिरका झालेला. "बाई बघायची असंल तर तुमी पुढं सरका!"

मग खुर्च्या करकरल्या. अंजलीनं लेकीला उचललं आणि थेट पडद्यापाशी नेऊन उभं केलं.