जनार्दनचे धुतलेले हात

ओरछा गेटजवळच्या एका लहानशा गणपतीची पूजा जनार्दनच्या घराण्याकडे पिढ्यानपिढ्या आहे. वडील अचानक गेले तेव्हा तो बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होता. पूजा त्याच्याकडे आली आणि कॉलेज सुटले. पुढे काही वर्षांनी डाळींवर संशोधन करणाऱ्या आमच्या संस्थेत तो बियाण्यांच्या गोदामात लागला. मी त्याच वर्षी कार्यालयात लागलो. बावीस वर्षे त्याने हरभरा निवडला आणि पोत्यांना चिठ्ठ्या लावल्या. चोपन्नाव्या वर्षी त्याने प्रयोगशाळेत बदली मागितली, तीही आरएनएच्या टेबलावर.

अर्ज माझ्या हातून पुढे जायचा होता, म्हणून मी विचारले, "या वयात हे काय काढलंस?"

"अर्धवट राहिलंय ते. रिटायर व्हायच्या आधी पुरं करायचंय."

विभागप्रमुख मृदुला मॅडमनी त्याला तीन महिने दिले. काम एकच, हरभऱ्याच्या मुळांतून आरएनए शाबूत वेगळा काढायचा. जमले तर टेबल त्याचे, नाही जमले तर परत गोदाम.

आरएनए म्हणजे काय हे त्यानेच मला जेवणाच्या सुट्टीत समजावले. पेशीच्या केंद्रकात डीएनए असतो. झाडाने काय काय करायचे ते सगळे त्यात लिहिलेले असते, पण तो केंद्रक सोडून बाहेर येत नाही. एखादे काम करायची वेळ आली की तेवढ्याच भागाची नक्कल निघते. ती नक्कल म्हणजे आरएनए. ती बाहेर जाते, रायबोसोम नावाच्या जागी वाचली जाते आणि तिच्या बरहुकूम प्रथिन तयार होते. रायबोसोमही बराचसा आरएनएचाच असतो, आणि प्रथिनासाठी अमिनो आम्ले एकेक करून आणून देणारा आणखी एक छोटा आरएनए असतो. गरज सरली की पेशी ती नक्कल मोडून टाकते.

"मोडायची कशाला? राहू द्यावी फायलीला," मी म्हणालो.

"राहिली तर पेशी तेच प्रथिन करत बसेल. पाणी मिळालं तरी हिचं दुष्काळाचं काम चालूच! म्हणून तर आरएनए बघायचा. डीएनए तहानलेल्या मुळात आणि ओल्या मुळात सारखाच असतो. मूळ या घडीला काय करतंय, ते आरएनएच सांगतो."

संस्थेच्या टहरौलीच्या शेतातून, हरभरा ऐन फुलावर असताना, बारा वाफ्यांतली मुळे आणली होती. उपटल्याबरोबर ती द्रव नायट्रोजनमध्ये गोठवली होती. प्रत्येक मुळाचे चार भाग केलेले, म्हणजे चार संच. चारही वाया गेले तर पुढचा फुलोरा यायला वर्ष.

पहिला संच गेला. तपासणीच्या जेलवर, म्हणजे पारदर्शक लगद्याच्या पातळ वडीवर, दोन ठळक पट्टे दिसले तर आरएनए शाबूत असतो. जनार्दनच्या जेलवर खाली तुटलेल्या तुकड्यांचा नुसता धूर पसरला होता. दुसऱ्या वेळी त्याने नवे पाणी घेतले, तरी धूरच. तिसऱ्या वेळी खल-बत्ते चार तास भट्टीत भाजून घेतले आणि नळ्याही नव्या काढल्या. पुन्हा धूर.

नायट्रोजनची टाकी आणणारा ड्रायव्हर संतोष म्हणाला, "पंडितजी, गणेशजी से कह के देख लो. इत्ते साल से लड्डू खिला रहे हो!"

"गणेशजी का नाम मत लो, भैया. गलती मेरी है, बस मिल नहीं रही."

मॅडमनी ग्वाल्हेरला फोन केला. शमिका नावाची अनुभवी तंत्रज्ञ पुढच्या सोमवारी येणार होती. हे कळल्यावर जनार्दन वही घेऊन त्यांच्याकडे गेला. दर वेळी काय बदलले ते त्यात लिहिलेले होते.

"मॅडम, आरएनए तोडणारं ते विकर, ते एन्झाइम, येतं कुठून?"

"धुळीतून येतं. सगळ्यात जास्त आपल्या हातांवरून. बाहेरच्या जंतूंना अडवायला त्वचाच ते तयार करते."

"धुतलेल्या हातांवरूनही?"

"साबणानं काही होत नाही हो त्याला. उकळलं तरी थंड झाल्यावर पुन्हा कामाला लागतं."

जनार्दनने वहीतले शेवटचे टप्पे पुन्हा वाचले. हातमोजे हे औषधांपासून हात वाचवायला असतात असे तो धरून चालला होता. फिनॉलचे उग्र टप्पे तो मोजे घालून करायचा. शेवटी नळीच्या तळाशी आरएनएचा पांढरा ठिपका उरला की मात्र मोजे काढायचा. औषधाने, दाराच्या कडीने बरबटलेले ते मोजे त्याच्या लेखी ओवळे होते. नैवेद्याला हात लावण्यापूर्वी धुवावेत तसे तो तीनदा हात धुवायचा आणि उघड्या बोटांनी शेवटचे पाणी घालायचा.

पण नुसता संशय त्याला पुरेना. त्याने घरी हरभरे भिजवून मोड आणले आणि त्या कोवळ्या मुळांवर काम केले. एक नळी शेवटपर्यंत नवे मोजे घालून केली. दुसरीत सगळे तसेच, फक्त नळीत जाणाऱ्या पिपेटच्या टोकाला धुतलेले बोट लावले. बुधवारी जेल आले. पहिल्या नळीचे दोन पट्टे होते, दुसरीचा धूर.

ते छायाचित्र त्याने मॅडमच्या टेबलावर ठेवले. सोबत कागद होता: तीनही संच माझ्या उघड्या हातांमुळे गेले.

मॅडमनी कागद दोनदा वाचला. "न सांगता चौथा संच केला असता तर? कळलंही नसतं मला."

"तुम्हाला नसतं कळलं. पण वहीत कारण नसतं, तर माझ्यामागून येणाऱ्यानं तेच केलं असतं."

"शेवटचा संच आहे, जनार्दनजी. शमिका सोमवारी येतेय. तिच्यासाठी ठेवू की..."

"आज बुधवार. शुक्रवारपर्यंत मला द्या."

"आणि गेला तर?"

"तर मी स्वतः गोदामाची किल्ली मागायला येईन. पण जाणार नाही."

मॅडमनी फ्रीजरची चावी पुढे सरकवली.

शुक्रवारी मी काही कागद घेऊन तिकडे गेलो, तर दारावर चिठ्ठी होती: आत येऊ नये. काचेतून जनार्दन दिसला. दर टप्प्याला मोजे काढून टोपलीत टाकत होता आणि नवे घालत होता. फोन वाजला तेव्हा त्याने मान हलवली, हात नाही. संतोष माझ्या शेजारी उभा राहून मोजत होता. "चौदह जोड़ी हो गए, साहब! इत्ते कपड़े तो दूल्हा भी न बदले."

संध्याकाळी पाचला मॅडमनी जेल दिव्यावर ठेवले. बारा रकाने होते. त्यांनी डावीकडून एकेक बघितला. जनार्दन दोन पावले मागे उभा होता.

"अकरा उत्तम," मॅडम म्हणाल्या. "सातवा फिका आहे, पण तुटलेला नाही."

"सातव्याचं मूळ फार बारीक होतं."

"असेल. शमिकासाठी खिडकीशेजारचं टेबल लावून घ्या. हे तुमचं."

जनार्दनने बारा नळ्या उणे ऐंशी अंशाच्या फ्रीजरमध्ये ठेवल्या, वहीत वेळ लिहिली आणि मगच मोजे काढले.

"मॅडम, पुढच्या फुलोऱ्याला टहरौलीला मीच जातो," तो म्हणाला. "सातव्या वाफ्यातलं मूळ नीट पारखून आणतो."