आप्पांचा नो क्लेम बोनस

आमच्या घरची गाडी रस्त्यावर कमी आणि लोकांच्या तोंडात जास्त चालली आहे. दुसऱ्यांच्या घरात मोटार आली की पेट्रोलचा खर्च सुरू होतो, आमच्या घरात किस्से सुरू झाले. संध्याकाळी इतवाऱ्यातल्या टपरीवर मी पोचलो की मित्र आधी कट चहा सांगतात आणि मग विचारतात, "गुरुजींच्या गाडीचं नवीन काय?" नवीन काहीतरी असतंच. जुनं संपायच्या आधी नवीन येतं, त्यामुळे माझ्याकडे आता साठा झालाय.

गुरुजी म्हणजे माझे वडील. घरात आम्ही आप्पा म्हणतो. बाकी गाव गुरुजी म्हणतं, कारण अर्ध्या गावाला त्यांनी गणित शिकवलं आणि उरलेल्या अर्ध्याला नुसतंच बदडलं. रिटायर झाल्यावर त्यांनी हौसेनं गाडी घेतली. पुढे मी इंदूरचं इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडून घरी आलो. का सोडलं ते विचारू नका. नातेवाईकांनी विचारून विचारून त्या प्रश्नाचा चोथा केलाय. काका आणि मामा मंडळी तर कुणी गेल्यासारखी भेटायला आली, आईशी हळू आवाजात बोलली, चिवडा खाऊन गेली. आप्पा एकच वाक्य बोलले.

"डिग्री घेऊन ये, चावी घेऊन जा."

मित्राच्या केळीच्या पिकअपवर बदली ड्रायव्हर म्हणून मी जळगावपर्यंत जाऊन येतो. घरची गाडी मात्र मी फक्त पुसलेली आहे. मला ती चालवायची होती. बाकी या घराकडून माझी काही मागणी नव्हती.

* * *

विम्याची पॉलिसी पूर्ण वाचलेला बुऱ्हाणपुरातला एकमेव माणूस म्हणजे आप्पा. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, हातात लाल पेन घेऊन. मग त्यांनी एजंटला बोलावलं. एजंट कैलास, आप्पांचाच विद्यार्थी, आता पोट सुटलंय, दोन मुलांचा बाप आहे. पण आप्पांसमोर आला की हात आपोआप पाठीमागे जातात.

आप्पांनी विचारलं, झीरो डेप म्हणजे काय ते सोप्या भाषेत सांग. कैलास अडखळला. मग विचारलं, नटबोल्ट आणि ऑइल कंपनी देत नाही म्हणतोस, मग गाडी काय फेविकॉलनं जोडायची? कैलास म्हणाला, गुरुजी, हे आम्हालाही कुणी शिकवलेलं नाही.

"मग विकतोस कसा?"

कैलासनं घाईनं पान उलटलं. पुढच्या पानावर 'की प्रोटेक्ट' होतं, मतलब चावी हरवली तर कंपनी पैसे देते. कैलासला जरा हुरूप आला, हे तरी त्याला येत होतं. आप्पांनी बंडीच्या आतल्या खिशाला हात लावून चावी आहे ना ते पाहिलं आणि माझ्याकडे बघत त्याला विचारलं, "हरवायची नाही ही. पण नको त्याच्या हातात पडली, तर काही मिळतं का?"

कैलास नाही म्हणाला. आप्पांनी त्यावर लाल रेघ मारली.

* * *

एकदा काहीही मोडलं नसताना हप्ता वाढला. आप्पांनी कस्टमर केअरला फोन लावला. आमचं गाव असं की पत्ता मध्य प्रदेशचा, पोटातली भाषा मराठी. आप्पांची हिंदी उत्तम आहे, माझ्यापेक्षा तर फारच. पण भांडायचं असेल तर मराठीतच, हा त्यांचा नियम. हिंदीत भांडलं की आपण विनंती करतोय असं वाटतं, म्हणे.

हिंदीवाल्यानं मराठीकडे फोन दिला. मराठीवाली म्हणाली, सर, तुमची पॉलिसी मध्य प्रदेशातली आहे, ती माझ्या स्क्रीनवर उघडत नाही, हिंदी विभागात देते. हिंदीवाल्याच्या स्क्रीनवर उघडायची, पण तो मराठी बोलायचा नाही. दुपारभर आप्पा तापीच्या या काठावरून त्या काठावर जात राहिले. मधे मधे पेटी वाजायची आणि त्यांचा फोन किती महत्त्वाचा आहे ते एक बाई हिंदीत सांगायची. आप्पांनी फोन स्पीकरवर ठेवला, जेवले, वामकुक्षी केली, उठून परत पेटी ऐकत बसले. आईनं त्या चालीवर गहू निवडले.

शेवटी मराठीवाली पोरगी थकून म्हणाली, "सर, आणखी काही मदत करू शकते का?"

"आणखी? आधीची कधी केलीस, बाळा?"

ती हसली. मग तिनं बुऱ्हाणपुरात पोहे कुठले चांगले ते विचारलं, तिचं आजोळ इकडचं निघालं. हप्ता वाढला तो वाढलाच. पण आप्पा आठवडाभर खुश होते.

* * *

गाडी जपायची म्हणून आप्पा ती काढत नसत. मग बॅटरी बसायची. पीयूसीची तारीख आली तेव्हा गल्लीतल्या पोरांनी आणि मी मिळून गाडी ढकलत चौकातल्या पीयूसीच्या व्हॅनपर्यंत नेली. आप्पा स्टिअरिंगवर, वरातीत नवरदेव बसतो तसे.

व्हॅनवाल्यानं नळी हातात घेतली आणि म्हणाला, गुरुजी, गाडी चालू करा, धूर तपासायचाय. चावी फिरवली, नुसतं टक्‌ वाजलं. परत फिरवली, परत टक्‌.

आप्पांनी हँडल फिरवून काच खाली केली. "धूर निघतोय का?"

"नाही ना, गुरुजी."

"मग प्रदूषण नाही. दे सर्टिफिकेट."

व्हॅनवाला माझ्याकडे बघायला लागला. मी आकाशाकडे बघितलं. असल्या वेळी मी त्यांचा मुलगा नसतो.

* * *

विम्यात एक नो क्लेम बोनस असतो. वर्षभर कंपनीकडे काही मागितलं नाही की पुढच्या हप्त्यात सूट, आणि ती दरवर्षी वाढत जाते. एकदा क्लेम केला की संपलं. आप्पांची सूट वाढत वाढत पन्नास टक्क्यांवर गेली. याच्या वर नसतंच. लोकांना ही सूट वाटते, आप्पांना ती मेरिट लिस्ट वाटते.

शाहपूरला एका लग्नात पंगतीनंतर म्हातारे खुर्च्या गोल करून बसले होते. हा विषय मला पाठ आहे, कुणाचा पोरगा पुण्याला, कुणाचा बंगळुरूला, कुणाचं पॅकेज काय. आप्पांची पाळी आली. मी शेजारीच उभा, हातात आइस्क्रीम. आप्पांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "आमचा नो क्लेम फुल पन्नास टक्के आहे."

दोन मिनिटं कुणाला कळेना हा कुठला कोर्स. मग माझे मावसे, ज्यांनी आयुष्यात सरळ काम एकही केलं नाही, ते म्हणाले, आम्ही तर दरवर्षी कुठे ना कुठे ठोकून नवीन बंपर घेतो, फुकट असतो. आप्पांनी त्यांच्याकडे कॉपी करताना सापडलेल्या पोराकडे बघावं तसं पाहिलं.  परतीच्या रस्त्यात फक्त आईला म्हणाले, तुझ्या बहिणीचं नशीब.

* * *

असीरगडला गेलो होतो. चालवत अर्थात आप्पा, तिसऱ्या गिअरच्या वर न जाता. मागून ट्रकवाले काय काय बोलून पुढे जात होते ते आईला कळू नये म्हणून मी रेडिओ मोठा केला. खाली गाडी लावून आम्ही किल्ल्यावर गेलो. परत आलो तर बॉनेटवर एक वानर बसलेलं, हातात आमचा वायपर. आम्हाला बघून त्यानं तो फेकला आणि निघून गेलं.

मी म्हटलं, क्लेम करा, कशासाठी हप्ते भरता? आप्पा म्हणाले, एका माकडासाठी पन्नास टक्के घालवू? त्यांनी डिकीतून सुतळी काढून वायपर बांधला. गणिताच्या मास्तरची गाठ, पक्की होती, फक्त वायपर हलत नव्हता.

आईनं विचारलं, पावसात काय करायचं?

"पावसात गाडी काढायचीच कशाला?"

* * *

आणि मग त्यांनीच ठोकली. कुणी मधे आलं नव्हतं, समोर ट्रक नव्हता. आमच्याच गल्लीत वळताना विजेच्या खांबाला डावी बाजू घासत नेली. पुढचा दरवाजा आत गेला, मडगार्ड फाटलं. खांब त्यांच्या जन्माआधीपासून तिथेच आहे. आप्पा खाली उतरले आणि खांबाकडे असं बघत राहिले की जणू त्यानं वर्गात बडबड केलीय.

खर्च बघून आईनं पहिल्यांदा आवाज चढवला, की यावेळी क्लेम करायचाच. आप्पा तयार झाले, पण त्या दिवशी जेवले नाहीत. गाडीचं काही नाही, त्यांचे पन्नास टक्के चालले होते.

कैलास कागद घ्यायला आला. आरसी दिली, पॉलिसी दिली, आतापर्यंतच्या सगळ्या पीयूसी ओळीनं लावून दिल्या. मग त्यानं लायसन्स मागितलं. ते हातात घेऊन तो उलटसुलट करत बसला. गुरुजींची चूक काढायची सवय त्याला नव्हती.

लायसन्सची मुदत कधीच संपली होती. गाडीचा एकेक कागद जपणाऱ्या माणसानं स्वतःचा कागद उलटून बघितला नव्हता. मी किती दिवस वाट बघत होतो अशा क्षणाची! पण आप्पांचा चेहरा बघून मजा येईना.

कैलासनं हळूच रस्ता काढला. म्हणाला, गुरुजी, कंपनीचा सर्व्हेअर उद्या येईल, कोण चालवत होतं विचारेल. पोराचं लायसन्स चालू आहे. पोरगा चालवत होता म्हणू, काम होऊन जाईल. सगळेच असं करतात.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. ज्या घरात मला चावी मिळत नव्हती तिथे आता अपघात मिळत होता.

"मला चालेल," मी म्हटलं. "पण मग चावी द्यावी लागेल. कायमची."

आप्पांनी लायसन्स खिशात घातलं. उठून आत गेले.

सकाळी सर्व्हेअर आला, चाळिशीतला, घाईतला माणूस. दरवाज्याचे फोटो काढले, खांबाचे फोटो काढले, पेन काढलं आणि विचारलं, "गाडी कोण चालवत होतं?"

मी तोंड उघडलं होतं. आप्पा मधे बोलले.

"मी. आणि माझं लायसन्स संपलेलं आहे."

सर्व्हेअरनं पेनाचं टोपण लावलं. म्हणाला, इतकी वर्षं हा प्रश्न विचारतोय, असं उत्तर पहिल्यांदा ऐकलं. मग त्यानं समजावलं की गुरुजी, असा क्लेम पास होणार नाही. तुम्ही मागे घ्या, खर्च तुमचा तुम्ही करा. कंपनीनं काही दिलंच नाही, तर तुमच्या नोंदीत क्लेम येणार नाही.

आप्पा सावकाश ताठ बसले. "म्हणजे माझे पन्नास टक्के?"

"तसेच राहतील."

आईनं कपाळावर हात मारला. आप्पांनी सर्व्हेअरला थांबवून घेतलं, चहा झाला, वर जिलबी मागवली. सगळा खर्च अंगावर आलेला माणूस इतका आनंदात मी आजवर पाहिलेला नाही. चावीचं कुणी काढलं नाही, मीही नाही. सौदा झालाच नव्हता.

* * *

गाडी शाहपूर रस्त्यावरच्या गॅरेजमध्ये तयार झाली. आप्पांचं नवीन लायसन्स व्हायचं होतं. आम्ही रिक्षानं गेलो. मला वाटलं मेकॅनिक आणून सोडेल, नेताना तोच घेऊन गेला होता. आप्पांनी गाडीभोवती फेरी मारली, दरवाज्यावर बोट फिरवलं, मेकॅनिकचा हिशोब केला, त्याच्याकडून चावी परत घेऊन खिशात टाकली. मग बंडीच्या आतल्या खिशात हात घातला आणि माझ्याकडे न बघता चावी पुढे केली.

मी घेतली. स्टिअरिंगवर जाऊन बसलो.

मेकॅनिक म्हणाला, पुढच्या दरवाज्याचा रंग ताजा आहे, दोन दिवस उघडू नका. म्हणून आप्पा मागे बसले. पहिला गिअर टाकल्यापासून त्यांच्या सूचना सुरू झाल्या: हॉर्न दे, केळीच्या गाडीपासून लांब राहा, ब्रेकवर पाय ठेव, इतका नको ठेवू. मी आरशात बघितलं. मागे त्यांचा उजवा पाय रिकाम्या जागेत ब्रेक दाबत होता. गाडी मात्र लोण्यासारखी चालत होती. चौथ्या गिअरमध्ये ती पहिल्यांदाच गेली असावी.

वाटेत पेट्रोल भरायला थांबलो. पंपावरचा माणूस आप्पांचा जुना विद्यार्थी निघाला, मला तो ओळखत नव्हता. त्यानं मला स्टिअरिंगवर बघितलं, मागच्या काचेशी वाकला, नमस्कार केला.

"गुरुजी, ड्रायव्हर ठेवला का?"

आप्पांनी एकदा माझ्या मानेकडे बघितलं.

"ठेवला नाही रे. घरातच पडून होता."