खंडूचा नंबर

दौंडच्या रेल्वे केबिनमध्ये बन्सीनं वीस वर्षं सिग्नलचे लिव्हर ओढले, पण विश्वास म्हणून कुणावर ठेवला नाही. दूधवाल्यावर नाही, रेडिओवर तर नाहीच नाही. त्याचं कामच तसलं. फोनवर स्टेशन मास्तर 'गाडी घ्या' म्हणाला, तरी नुसत्या आवाजाला भुलायचं नाही. मास्तरानं कागदावरचा प्रायव्हेट नंबर, म्हणजे एकदाच वापरायचा गुप्त आकडा, सांगितला, की मगच लिव्हरला हात.

पोरगा खंडू नेव्हीत बॉयलरवर लागला, तेव्हा बापानं दोन कागदांवर सारखेच आकडे लिहिले. एक पोराच्या ट्रंकेत, एक स्वतःच्या खिशात. "पत्राखाली एकेक टाकत जा. नंबर न्हाई, तर पत्र तुझं न्हाई."

खंडू हसला, पण चार वर्षं इमानानं टाकत आला. पत्र आलं की बन्सी आधी आकडा ताडून बघायचा, काट मारायचा, आणि मगच बायकोला, सरूबाईला, वाचून दाखवायचा.

एकाहत्तरचा डिसेंबर आला. खंडूचं जहाज बंगालच्या उपसागरात, पाकिस्तानची समुद्राची वाट अडवून उभं. त्यात बातमी आली, अमेरिकेचं आरमार तिकडंच निघालंय. शेजारच्या क्वार्टरातले गार्ड सोपानराव धीर द्यायला आले.

"बन्सीभाऊ, घाबरता कशाला? रशिया आपल्या पाठीशी हाय. करार झालाय ऑगस्टात."

"पाठीशी म्हंजी नेमकं कुठं? किती कोसांवर?"

"आता ते मला काय ठावं!"

"खुटबावच्या विहिरीवर आमी महारवाड्यातली माणसं पाणी भराया गेलो, तवा हौसरावबी पाठीशीच व्हते. बागायतदार माणूस, पंचांसमोर शब्द दिलता. काठ्या निघाल्या, आन् गडी घरात कडी लावून बसला. माझं मनगट अजून वाकडं हाय. सोपानराव, रशियाकडून नंबर घेतलाय का कुणी?"



दोन दिवसांनी पत्र आलं. वर जय भीम, खाली 'मी खुशाल आहे', अक्षर खंडूचंच. नंबराच्या जागी मात्र काळी शाई फासलेली. लष्करात पत्रं तपासणाऱ्या कुणाला तरी त्या एकट्या आकड्यात खूण दिसली असेल. संशयात तोही बन्सीचाच भाऊबंद!

"वाचा की," सरूबाई म्हणाली.

"नंबर न्हाई. न्हाई वाचणार."

"आवं, अक्षर तर त्याचंच ना?"

"अक्षर गिरवता येतं. मेलेल्या पोराच्या आईबापाला गप्प ठिवायला कुणीबी गिरवील."

पत्र त्यानं उशाखाली सारलं. लढाई संपली. रशियाची जहाजंही तिथं होती म्हणे. सोपानराव मिशीला पीळ देत सांगून गेले. बन्सी म्हणाला, "पोरगं दिसू द्या, मग बगू." तो ताट तसंच सारून उठायचा. सरूबाई मात्र दोन वेळा नीट जेवत होती. बन्सीला त्याचाही संशय. ही कसली आई? हिचं काळीज दगडाचं का काय?

जानेवारीत एका दुपारी केबिनच्या जिन्यावर बूट वाजले. खंडू! बन्सी जागचा हलला नाही.

"नंबर?"

"त्रेसष्ट, आबा."

"त्याच्या आधीचा?"

"सत्तेचाळीस. पत्रात टाकलावता की."

बन्सीनं कागद काढला, दोन्ही आकड्यांवर काट मारली आणि स्टुलावर बसून हमसून हमसून रडला.

घरी आल्या आल्या त्यानं उशाखालचं पत्र काढलं. "सरू, ऐक आता. 'आई, तू पाठवलेली...'"

"'...शेंगदाण्याची चटणी सगळ्या पोरांनी मिळून खाल्ली,'" सरूबाई चुलीपाशी बसूनच म्हणाली.

बन्सीनं पत्र उलटसुलट करून पाहिलं.

"आलं त्याच दिवशी सोपानरावांकडनं वाचून घेतलं. तुमी ड्युटीवर व्हता. चटणीचं माझ्याबिगर कुणाला ठावं?"

"आन् मला सांगितलं न्हाईस? महिनाभर जीव टांगणीला माझा!"

"सांगून इस्वास बसला असता व्हय? चोवीस वर्सं नांदतीया मी. मला कवा दिला तुमी नंबर?"

बन्सीनं पत्राची घडी घातली आणि बाजूला ठेवलं.

"म्हण मग पुढचं," तो म्हणाला.