तिच्या नावाखाली माझ्या वह्या

“ही मधुरा. आमच्या डिपार्टमेंटचं डोकं,” सर पाहुण्या बाईंना म्हणाले. मग माझ्याकडे हात केला. “आणि ही आमची कॉमा-फुलस्टॉपवाली.”

सगळे हसले. पाहुण्या बाई हसल्या. मधुरा हसली. मीपण हसले. त्यांचं हसणं मी विसरले असते. माझं स्वतःचं अजून टोचतं.

बेलापूरच्या एका संस्थेत मी पीएचडी करत होते. मधुरापण. दोघींचे गाईड एकच, हेच सर. मी खाडीकाठच्या बोनकोड्याची. आई खाडीत उतरून चिंबोऱ्या, निवट्या, कालवं काढायची आणि बाजारात बसून विकायची. मी महाप्याच्या एका कंपनीत नोकरी करत एमए केलं. तिथे परदेशी जर्नलांचे लेख यायचे. शेवटची संदर्भांची यादी आम्ही नीट लावायची. आडनाव आधी, मग आद्याक्षर, वर्ष कंसात, जर्नलचं नाव तिरप्या अक्षरात. एक स्वल्पविराम चुकला की फाईल परत. हजारो आडनावं माझ्या बोटांखालून गेली. त्यात आमच्या गावातलं एकही नव्हतं.

प्रवेशाच्या मुलाखतीत हे ऐकून सर खूश झाले. “वा! म्हणजे रेफरन्सचं टेन्शन गेलं.” मला वाटलं, हे माझं कौतुक.

मी मधुरावर जळायचे. खोटं कशाला बोलू. ती सरांच्या केबिनमध्ये न विचारता शिरायची, त्यावर जळायचे. सरांच्या बायकोला ती काकू म्हणायची. इंग्रजीत वाक्य अर्धवट सोडायची आणि समोरचा ते पूर्ण करायचा. माझं वाक्य अडलं की लोक घड्याळ बघायचे. सगळ्यात जास्त जळायचे तिच्या आडनावावर. कुठलीही संदर्भयादी काढा, ते आडनाव तिथे आधीच बसलेलं. तिच्या वडिलांचे लेख, आत्याचं पुस्तक. ते मी स्वतः टाईप करायचे. जागच्या जागी, बिनचूक.

आमचा विषय होता खाडीत उतरणाऱ्या बायका. मधुरा खाडीवर एकदाच आली. बुटाला चिखल लागला, बायका तिच्याशी धड बोलेनात, ती परत गेली. पुढे वर्षभर मी एकटी जात होते. ओहोटीला बांधावर बसून लिहायचे. बायका बोलीत बोलायच्या, मी बोलीतच उतरवायचे आणि घरी येऊन शेजारच्या पानावर इंग्रजी करायचे. खाऱ्या पाण्याने पानं फुगायची. सहा वह्या भरल्या. सर म्हणाले, “डेटा सगळ्यांचा असतो. कपाटात ठेव. मधुराला बघू दे.” मी ठेवल्या.

मग एक दिवस त्यांनी फाईल पाठवली. ‘जर्नलला पाठवायचंय. रेफरन्स लाव.’

वर दोन नावं. सरांचं आणि मधुराचं. मी खाली वाचत गेले. बायकांची वाक्यं मी केलेल्या इंग्रजीतच, शब्द न शब्द. मधे माझी आईसुद्धा होती. ‘एक स्थानिक स्त्री’. शेवटच्या यादीत मधुराच्या आडनावापुढे लिहिलं होतं: अप्रकाशित क्षेत्रनोंदी, सहा वह्या.

माझ्या वह्या.

आणि ऐका मी काय केलं. मी ती नोंद नीट केली. आद्याक्षरानंतर राहिलेला पूर्णविराम टाकला. वर्ष कंसात घातलं. अक्षरं तिरपी केली. सवय. फाईल सेव्ह केली आणि मग उठले.

सरांकडे गेले. म्हटलं, “सर, त्या वह्या माझ्या आहेत.”

सरांनी चष्मा काढला. आवाज चढवला नाही. “अगं, तुझ्या घरच्याच बायका त्या. त्यांचं बोलणं उतरवलंस. त्यात रिसर्च काय? विचार मधुराचा आहे.”

“माझं नाव?”

“आभारात टाकलंय ना, फील्ड असिस्टंट म्हणून. आता रेफरन्स संपव.”

घरी आले. आई मोरीत चिखलाचे पाय धूत होती. मी तिला सगळा लेख मराठीत सांगितला. स्वतःचं वाक्य आलं तशी ती थांबली. “खाडीला आमी इचारून उतरताव” हे तिचं वाक्य. ते तिथे मधुराचा सिद्धान्त झालं होतं.

“ह्यान माजा नाव कुटं हाय?”

“नाही.”

“नि तुजा?”

“नाही.”

तिने पाय पुसले. “मंग तू कनाला लिवतेस त्यांचा?”

खरंच, कशाला लिहीत होते मी? वर्षभर मला मधुरा व्हायचं होतं. तिच्यासारखं बोलणं, तिच्यासारखी खुर्ची. त्या दिवशी कळलं, जिच्यावर मी जळत होते तिच्याकडे जे नव्हतं ते माझ्याकडे होतं, आणि तेही मी तिच्या हातात दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सगळे चहाला बसले असताना मी कपाट उघडलं. सहा वह्या काढून पिशवीत घातल्या.

मधुरा म्हणाली, “अगं, हे काय? ते प्रोजेक्टचं आहे.”

“माझं अक्षर आहे. रेफरन्स मी लावणार नाही.”

ती सगळ्यांकडे बघून हसली. “बरं, हे वह्यांचं नाहीच आहे. तू जळतेस माझ्यावर.”

वर्षभर मी हेच लपवत होते. या शब्दाला घाबरून गप्प बसत होते.

“हो,” मी म्हटलं. “जळते. पहिल्या दिवसापासून. तरी वह्या माझ्याच आहेत.”

कुणी हसलं नाही. सरांनी कप खाली ठेवला. “पीएचडी विसर मग.”

मी पिशवी उचलली आणि निघाले.

त्याच आठवड्यात आईला आणि तिच्यासोबतच्या बायकांना विचारलं, मी लिहीन त्यात तुमचं नाव घालू का. सगळ्यांनी घाल म्हटलं. सरांनी तोवर लेख पाठवून दिला होता. मी वह्यांच्या पानांचे फोटो काढले, एक पत्र लिहिलं, जर्नलच्या संपादकांना पाठवलं. त्यांनी लेख थांबवलाय. चौकशी चालू आहे. काय होईल माहीत नाही. सरांनी माझं गाईडपद सोडलं. दुसऱ्या दोघांना विचारलं. एकाने जागा नाही म्हटलं, दुसऱ्याने फोन उचलला नाही. मधुराला परदेशात परिषदेला बोलावणं आलंय. अजून जळते मी. बंद होणार नाही ते.

महाप्याच्या कंपनीत परत जागा होती. मी घेतली नाही. सध्या सकाळी आईबरोबर खाडीवर असते, दुपारी लिहिते. लेख माझा आहे, वर माझं नाव आहे, आत प्रत्येक बाईचं तिच्या आडनावासकट. गाईड मिळाला तर त्याच्यासोबत, नाही मिळाला तर एकटीने, मी तो पाठवणार. परत आला तर दुसरीकडे पाठवणार. माझ्या हाताने दुसऱ्याच्या चोरीला पूर्णविराम द्यायचा नाही. एकदा दिला, तेवढा बास.