कळण्याची भाकर

हे सांगायचं मी आयुष्यभर टाळलं. आता टाळायला फारसं आयुष्य उरलेलं नाही.

इंग्रजांच्या अमदानीत मी पुण्याकडून बदलून शहाद्याच्या कचेरीत कारकून म्हणून आलो. शेजारच्या काकू ज्वारीत सालासकट उडीद घालून जात्यावर दळायच्या आणि त्या पिठाच्या काळपट, जाडसर भाकरी भाजायच्या. त्याला तिकडे कळण्याची भाकर म्हणतात. बोलता बोलता त्या पिठाची चिमूट दोन बोटांत चोळत राहायच्या, जणू पुढचा शब्द तिथेच सापडणार होता.

दर बाजारच्या दिवशी त्या आम्हाला दोन भाकरी द्यायच्या. आम्ही पोळी खाणारी माणसं. मी भाकरी म्हशीला घालायचो आणि ताटली रिकामी देऊ नये म्हणून तीत गूळ ठेवायचो.

एकदा त्या विरजण मागायला मागच्या दाराने आल्या. वाटेतच म्हशीची गव्हाण होती.

"कशी लागनी भाकर, भाऊसाहेब?"

"उत्तम. तुकडाही उरला नाही."

पुढच्या बाजारी त्यांनी तीन भाकरी आणल्या.

"दोन म्हैसले, एक तुमले," त्या शांतपणे म्हणाल्या. "म्हैसना हिस्सा खाऊ नका."

त्यानंतर त्या म्हशीची खुशाली विचारायच्या, माझी नाही.

बदलीचा हुकूम आला तेव्हा मी माफी मागायला गेलो. त्यांनी पाट दिला, तव्यावरची भाकर ठेच्यासह पुढे केली. मी ती पहिल्यांदाच खाल्ली. त्या माझ्याकडे बघत होत्या. 'काकू, माझं चुकलं' एवढंच म्हणायचं होतं.

"मीठ बरोबर पडलंय," मी म्हणालो.