निंबाखालून मारलेला चेंडू

माझ्या एकुलत्या एका पोराच्या कपाळावर चेंडू बसला आणि तो ओसरीवरच्या कापसाच्या ढिगात उताणा पडला. तोंडातून फेस, हातपाय सैल. चेंडू मी मारला होता.

पोरगा म्हणजे संजू. पुण्याला कंपनीत नोकरी. वर्षातून दोन दिवस येतो, त्यातला एक झोपण्यात जातो. बाकीचे दिवस घरात मी आणि कापूस. त्या साली भाव पडलेला. विकायला कोणी धजत नव्हतं, म्हणून घाटंजीकडच्या आमच्या गावात घराघरांत कापूस आढ्यापर्यंत भरलेला. (कापसाची सोबत वाईट नाही. बोलत नाही, पण अंगाला खाज आणतो. तेवढीच कोणाची तरी जाणीव.)

या खेपेला संजू चार दिवस राहतो म्हणाला. मी विचारलं, "काहून बापा?"

"साहेबासंगं गोल्फ खेळाचं हाय माय. माहा चेंडू दरवेळी झाडाखाली जाते. तो फांद्यांखालून, जमिनीलगत मारून बाहेर काढाचा शॉट शिकून राह्यलो. आपल्या अंगणातला निंब त्याले एकदम फिट हाय."

म्हणजे निंबासाठी राहिला. निंब मीच लावला होता.

गोल्फ त्यानं समजावून सांगितला. भलंमोठं मैदान, रोज पाणी दिलेलं, आणि पेरायचं काही नाही! त्यात काठीनं चेंडू भोकात घालायचा. जमिनीचा एवढा नास मी जन्मात ऐकला नव्हता.

तीन दिवस तो निंबाखाली घाम गाळत होता. चेंडू वर जायचा, फांदीला आपटायचा, परत यायचा. एकदा भाकरीसकट माझा तवा पालथा केला. तो आपला पुटपुटायचा, "चेंडू उजव्या पायाजवळ. हात चेंडूच्या पुढं. काठी अर्धीच मागं." आणि मग पूर्ण उचलून हाणायचा.

चौथ्या सकाळी तो ओसरीच्या काठावर बसून दात घासत होता. (शहरातली माणसं अर्धा तास घासतात.) मी म्हटलं, "तू डोकं वर काढून पाह्यतं, म्हून चेंडूबी वर जाते. वावरात निंदाले गेलेल्या बाईले कोनी शिकवते काय, वाकून राह्य म्हून?"

"मंग तूच मार न," तो फेसाळ तोंडानं म्हणाला. "इकडंच मार, माह्याकडं. चौथीत शाळा सोडली तुनं. तुह्याच्यानं चेंडू हालतबी नाई."

मी पदर खोचला आणि वाकले. पन्नास वर्षं विळ्यानं गवत कापलं. त्यात हात पुढं, पातं मागं. विळा कोणी डोक्यावर नेत नाही. तशीच काठी ओढली. चेंडू सगळ्या फांद्यांखालून, कोंबडीच्या पाठीवरून, सरळ सुटला. नेमका तेव्हाच संजू चूळ टाकायला वाकला.

शॉट उत्तम होता. हे त्यानंही नंतर कबूल केलं.

शेजारची देवकाबाई दही मागायला आली ती दारातच थांबली. कोपऱ्यात फवारणीचा पंप, शेजारी तरणा माणूस उताणा, तोंडाला फेस. त्या वर्षांत आमच्याकडं असं दिसलं की कोणी कारण विचारत नसे.

"संजूनं औषध घेतलं वं बाई!" ती ओरडली. औषध म्हणजे कपाशीवर फवारायचं. मी हातातली काठी खाली ठेवेपर्यंत अर्धी गल्ली अंगणात होती.

"औषध नाई, चेंडू लागला," मी म्हटलं. "म्या मारला."

"बुढीचं डोकं फिरलं," कोणीतरी म्हणालं. "बसवा तिले."

संजू शुद्धीवर आला तेव्हा मिठाचं पाणी त्याच्या घशात जात होतं. "मी काहीच नाई घेतलं," तो कसाबसा म्हणाला.

"सगळे असंच म्हन्तेत," देवकाबाई म्हणाली. "पे अजून."

"माय, चेंडू दाखव न याईले."

चेंडू कापसात गेला होता. पांढऱ्यात पांढरा.

दवाखान्यात न्यायला गावातल्या गजाननचा ऑटो आला. चार माणसं बसली, त्यांच्या मांड्यांवर संजू आडवा. मला जागा उरली नाही. "तू घरीच थांब काकू," गजानन माझ्याकडं न बघता म्हणाला.

सगळे गेल्यावर अंगणात मी आणि कोंबडी. टेंगळानं कोणी मरत नाही हे मला माहीत होतं. पण कपाळाला लागून मेलेला बैलही मी पाहिला होता. म्हणून कापूस उपसत बसले. चेंडू दाखवला तर निदान खोटी तरी ठरणार नव्हते. दुपारपर्यंत अर्धा ढीग अंगणात आणला. गल्लीतून कोणी डोकावलं नाही. अशा घरी त्या दिवशी काय बोलायचं, हे कोणाला कळत नसे. चेंडू सापडला नाही. नुसती खाज सुटली.

दिवस कलताना फाटक वाजलं. संजू पिवळा पडलेला, कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ.

"काय केलं रे त्याईनं?"

"पोट धुतलं. मंग डॉक्टरनं टेंगूळ पाहून इचारलं, हे कायनं झालं? मी म्हटलं, मायनं गोल्फचा चेंडू मारला."

"मंग?"

"मंग पुन्हा पोट धुतलं."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं तो गेला. त्या साली आमच्या गल्लीतून गजाननच्या ऑटोत आडवे गेलेल्यांपैकी आपल्या पायांनी घरी परत आला तो एकटा संजू. आणि त्याला तर आईनंच मारलं होतं.